दुहेरी वेटोळं

छातीतल्या गाठीचं ऑपरेशन आईने साफ नाकारलं, कारण घरात चुंबकवाली मुलगी होती. म्हणजे मी.

मलांग शहरातल्या प्रयोगशाळेत मी तारेच्या वेटोळ्यात वीज सोडते आणि त्यात ठेवलेल्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशींचं काय होतं ते बघते. गेल्या महिन्यात त्या पटापट मेल्या. बाबांनी ही बातमी गल्लीभर केली. आईला सुरीची भीती, तिला निमित्तच मिळालं.

"घरचं औषध असताना कापाकापी कशाला, रेत्नो?" टेंपेच्या सोयाबीन वड्या तळता तळता ती म्हणाली. "तुझं यंत्र होईपर्यंत थांबते मी."

"आई, ते बशीत झालंय. माणसात नाही."

"मग मला बशीत बसव!"

हसूही आलं आणि संतापही. त्यात मला एक शंका छळत होती. वीज सोडली की तार तापते. मग पेशी चुंबकाने मेल्या की नुसत्या उकाड्याने?

रविवारी मी स्वयंपाकघरातच तार दुमडून नवं वेटोळं गुंडाळायला बसले.

"हे आणि काय?" आईने विचारलं.

"यात वीज एका तारेतून जाते, शेजारच्या तारेतून उलटी येते. एकीचा जोर दुसरी मोडते. चुंबक शून्य, ताप मात्र तेवढाच."

तेवढ्यात बाबा आले आणि सांबालाच्या मिरचीच्या चटणीत मीठ कमी आहे म्हणाले.

"कळलं," आई म्हणाली. "हे म्हणजे मी आणि तुझे बाबा. जन्मभर नुसता ताप!"

"मग ही पोरगी काय आपोआप चिकटली?" बाबा म्हणाले.

नव्या वेटोळ्यातल्या पेशीही मेल्या. जवळजवळ तेवढ्याच. चुंबकाच्या वाट्याला जरासा फरक उरला, तोही खरा की नाही कोण जाणे. मला रडू येत होतं, पण घरी येऊन मी आईला सगळं सरळ सांगून टाकलं.

"म्हणजे चुंबक अगदीच बिनकामाचा?"

"नसेलही. पण ते कळायला वर्षं लागतील."

आईने गॅस बंद केला. "लागू देत. त्याला वाढू दे सावकाश. माझ्या गाठीला मात्र वाढू द्यायची नाही. लाव फोन दवाखान्यात."

मी तिला गच्च मिठी मारली. ती म्हणाली, "सोड, हात तेलाचे आहेत."

दवाखान्याच्या दारात बाबा तिची पिशवी घ्यायला गेले. ती देईना, ते सोडेनात. शेवटी दोघांनी एकेक बंद धरला आणि भांडत भांडतच आत निघाले.

आईने मागे वळून पाहिलं. "रडतेस काय? बघ, दोन्ही तारा एकाच दिशेने चालल्यात. आता लागला चुंबक!"