उद्देश : इतर

विषय : मुलींच्या कबड्डी सरावासाठी सभागृह व मॅट मिळणेबाबत.
संदर्भ : श्रीमती व्हेरोनिका घोन्साल्विस, रा. उत्तन, यांचा दिनांक ३ चा अर्ज.

वरील विषयास अनुसरून मी, मीरा रोडचं बहुउद्देशीय क्रीडा संकुल, बोलतोय. सही-शिक्का माझ्याकडे नाही. तो असता तर बोलायची वेळच आली नसती.

माझा जन्म भरावावर झाला. भूमिपूजनाला नारळ दोनदा फुटले, कारण मधल्या काळात फोडणारे बदलले. उद्घाटनाला पाहुण्यांनी बॅडमिंटनचं फूल उडवलं, टाळ्या घेतल्या आणि ते जेवायला गेले. माझ्यातला तो पहिला खेळ. पुढे माझ्यात लग्नं लागली, मतमोजणी झाली, लशी टोचल्या, गाद्यांचे सेल भरले. त्याबद्दल तक्रार नाही. लशीच्या रांगेत अनोळखी माणसं एकमेकांना पाणी देत होती, तेव्हा मला माझ्या भिंतींचा अभिमान वाटला होता. पण जिन्याखालच्या खोलीत कबड्डीची मॅट प्लास्टिकसकट पडून होती, आणि तिच्यापुढे मला माझ्या नावाची लाज वाटे.

व्हेरोनिका बाई शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या. उत्तनला मासळी वाळवायच्या मैदानात त्यांनी अकरा मुली तयार केल्या. मुली अनवाणी खेळायच्या, घसरत जाऊन रेषा गाठायच्या. जिल्ह्याची निवड चाचणी मात्र बावीस तारखेला होती, आणि ती मॅटवर, बूट घालून. मातीत पाय सरकतो, मॅटवर तो जागीच धरला जातो. हे आधी ठाऊक नसेल तर चढाई जाते, नाहीतर घोटा जातो. एकदाही मॅटवर न उतरता मुली गेल्या तर हात हलवत परत येणार, हे बाईंना दिसत होतं.

माझ्या फॉर्मात 'उद्देश' असा एक रकाना आहे. त्यात पर्याय आहेत : विवाह, प्रदर्शन, सभा, सांस्कृतिक कार्यक्रम, स्पर्धा, इतर. बाईंनी 'इतर'वर खूण केली आणि पुढे लिहिलं, सराव.

खिडकीतल्या नीलमताईंनी कपाळाला हात लावला. "बाई, 'इतर' मुख्य कार्यालयात जातं. लग्न लिहिलं असतंत तर आत्ता तारीख दिली असती!"

"कुणाचं लग्न लिहू? सगळ्या सोळाच्या आतल्या आहेत."

"मग स्पर्धा लिहा."

"दुसरी टीम कुठाय?"

"अहो, कागदावर कोण टीम मोजतंय?"

"नीलम, पाय रेषेबाहेर गेला तर पंचांनी बघितलं नसलं तरी हात वर करा, असं शिकवते मी पोरींना. आणि मीच खोटं लिहू?"

अर्ज खरा होता, म्हणून लांबच्या वाटेने गेला. चौदा तारखेला त्यावर शेरा पडला : 'सराव म्हणजे काय, याचा खुलासा घ्यावा.' बाईंनी खुलासा दिला. अठराला दुसरा शेरा आला : 'खुलासा पाहिला. सरावाची आवश्यकता काय?' बाईंनी तेही लिहून दिलं. रोज दोन बस बदलून त्या यायच्या आणि माझ्या पायऱ्यांवर बसून राहायच्या. शेजारी गोणपाटाच्या पिशवीत अकरा जोड बूट, ओळखीपाळखीत मागून आणलेले.

एकवीस तारीख उजाडली. गाद्यांचा सेल दुपारी बाराला उठला. रिसेप्शनचे मंडपवाले चारला यायचे होते. मधले चार तास मी रिकामा होतो. बाई सगळ्या मुलींना घेऊनच आल्या.

"उत्तमराव, आलं का काही?"

भांडारपाल उत्तमने मान हलवली. किल्ली खिशातून काढली, परत ठेवली. "बाई, माझी दोनच वर्षं राहिलीत हो."

"मी कुठे मागतेय?" बाई उठल्या. "चला गं, एकची बस मिळेल."

मुली फाटकापाशी पोचल्या तेव्हा जिन्याखालचं कुलूप वाजलं.

"मॅटला कुबट वास येतोय," उत्तम भिंतीकडे बघून म्हणाला. "पसरून ठेवायला पायजे."

मॅटचे तुकडे एकमेकांत बसवून झाले आणि रेचल पहिल्या चढाईला गेली. तिसऱ्या पावलाला तोंडावर आपटली.

"बाई, पाय सुटत न्हाय! खालून कुनी धरलाय."

"ओढू नको. उचल आणि टाक."

ती पुन्हा पडली. पुन्हा उठली. अडीच वाजता तिने दोघींना शिवलं आणि दम न सोडता रेषा ओलांडली. त्याच क्षणी बाहेर जीप थांबली.

मुख्य कार्यालयातले साहेब रिसेप्शनची तयारी पाहायला आले होते. माझ्या दाराला शटर आहे, पण ते स्वतःहून ओढायचा अधिकार मला नाही. मुली जागच्या जागी थिजल्या. रेचलचा एक पाय हवेतच राहिला.

"परवानगी?"

"प्रलंबित आहे, साहेब," उत्तम म्हणाला.

"मग हे काय?"

"मॅटला हवा देतोय, साहेब. कडा उचलल्यात. दाबायला माणसं लागतात."

साहेबांनी घामाने निथळणाऱ्या अकरा माणसांकडे पाहिलं. मग बाईंकडे. बाईंनी सवयीप्रमाणे हात वर केला. "साहेब, सराव चाललाय."

उत्तमने डोळे मिटले.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "चारला मंडपवाले येतील," म्हणाले आणि जीपकडे वळले.

बावीस तारखेला रेचल आणि आणखी एक मुलगी जिल्ह्याच्या संघात निवडल्या गेल्या. तिसरीचा घोटा दुसऱ्याच मिनिटाला मुरगळला. बाकीच्या बाद झाल्या. तेवढ्या वेळात एवढंच बसतं. सोमवारी उत्तमला पत्र मिळालं : विनापरवाना मॅट पसरल्याबद्दल लेखी खुलासा करावा. त्याने तो केला आहे, आणि रोज कामावर येतो आहे.

माझी विनंती एकच. पुढचे फॉर्म छापाल तेव्हा उद्देशाच्या रकान्यात 'खेळ' हा शब्द घाला. शेवटी घातलात तरी चालेल.

बाई अजून दर मंगळवारी चौकशीला येतात, उरलेल्या नऊ जणींसाठी. दिनांक ३ चा त्यांचा अर्ज मुख्य कार्यालयात प्रलंबित आहे.