सहावं ठिगळ

सुई मोडली तेव्हा शनिवारचे अकरा वाजले होते. टेलरबाईंच्या मशीनची सुई सहसा मोडत नसे. जीन्सच्या चार-चार घड्या, दप्तरांचे पट्टे, एकदा तर शेजारच्या मेकॅनिकच्या गाडीचं सीटकव्हर, सगळं त्या मशीननं निमूट शिवलं होतं. भविष्याच्या तक्त्यापुढे मात्र तिनं हात टेकले.

हा तक्ता म्हणजे चर्चचं भूषण. दोन माणसांच्या उंचीचं जाड कापड, आणि त्यावर जगाचा सगळा काळ रंगवलेला. डावीकडे पहिली बाग, उजवीकडे सोन्याचं शहर, आणि शहराच्या जरा अलीकडे सात डोक्यांचं श्वापद. श्वापदाच्या पोटावर वीतभर लांबीचा चौकोन होता. शेवटच्या लढाईत देवाच्या लोकांवर चालून येणाऱ्या देशाचं नाव त्या चौकोनात असे. सरहद्दीवरच्या जुन्या लढाईनंतर सासऱ्यांनी पलीकडच्या ओस पडलेल्या चर्चमधून हा तक्ता वाचवून आणला, असं घरात अभिमानानं सांगत. पलीकडच्यांना विचारलं असतं तर ‘वाचवून’च्या जागी त्यांनी दुसरा शब्द वापरला असता, पण विचारतो कोण.

तक्त्याचा कारभार टेलरबाईंच्या थोरल्या दिराकडे होता. भूमापन कचेरीत तीस वर्षं नकाशे काढून ते निवृत्त झाले होते, म्हणून मंडळी त्यांना नकाशेकाका म्हणत. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण कुठे लढाई पेटली की त्यांच्या अंगात दहा हत्तींचं बळ येई. रविवारी उपासनेनंतर त्यांचा वर्ग भरे. हातातल्या काठीनं ते तक्त्यावरची एकेक जागा दाखवत आणि कालच्या बातम्या तिथे नेमक्या बसवत. पवित्र शास्त्रातले टोळ म्हणजे रणगाडे, असं त्यांनी तरुणपणी सिद्ध केलं होतं. पुढे ते टोळ हेलिकॉप्टर झाले. यंदा ते ड्रोन होते, आणि वर्गात बसायला खुर्च्या पुरत नव्हत्या.

लढाई बदलली की चौकोनातलं नाव बदले, आणि ते काम टेलरबाईंचं. काळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्यानं नाव भरायचं आणि जुन्यावर शिवून टाकायचं. जुनं उसवायचं नाही, कारण त्या जीर्ण कापडाला उसवताना भोकं पडतात, हे त्यांना सासूबाईंनी पहिल्याच वेळी बजावलं होतं. तेव्हापासून चार ठिगळं टेलरबाईंच्या हातची होती आणि त्यांच्या खालचं एक सासूबाईंचं. आजचं सहावं.

एरवी त्यांनी नवी सुई घातली असती आणि काम उरकलं असतं. पण या खेपेला त्यांचा जीव त्या ठिगळात अडकला होता, कारण लेक त्यापायी शिक्षण सोडायला निघाली होती.

लेकीला नर्सिंगच्या कॉलेजात जागा मिळाली होती. तीन वर्षांचा कोर्स, दूरचं शहर, आणि सोमवारी दुपारपर्यंत होकार कळवायचा. दोन महिन्यांपूर्वी हीच पोरगी निकालाचं पत्र घेऊन घरभर नाचली होती. मग नवी लढाई पेटली, काकांचा वर्ग सुरू झाला आणि तिचं डोकं फिरलं. काका म्हणतात, फार तर एक वर्ष उरलंय. मग तीन वर्षांचं शिक्षण घ्यायचं कशाला? त्यापेक्षा तक्ता घेऊन काकांबरोबर गावोगाव फिरावं, चार जीव तरी वाचतील. टेलरबाईंनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, दोन दिवस अबोला धरून पाहिला. पोरगी ढिम्म हलली नाही. हट्ट कुणावर गेला होता ते टेलरबाईंना पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे त्यांना तिला फार बोलताही येत नव्हतं.

सगळ्यात जास्त त्यांना लागली ती आदल्या दिवशीची गोष्ट. रात्रीचं जेवण वाढताना त्या म्हणाल्या होत्या, ही लढाई थांबावी म्हणून प्रार्थना करू. त्यावर लेकीनं शांतपणे सांगितलं, की तशी प्रार्थना करायची नसते. लढाई व्हायचीच आहे, ती झाल्याशिवाय प्रभू येणार कसा? टेलरबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. लढाई थांबू नये असं मानणारं माणूस आपल्या घरात, आपल्याच पोटी निपजावं, याची त्यांना लाज वाटली आणि भीतीही वाटली.

आता मोडक्या सुईचा तुकडा बोटांत धरून त्यांनी त्या जाडजूड चौकोनाकडे पाहिलं. मग लेकीला हाक मारली आणि टाके उसवायचं हत्यार तिच्या हातात दिलं.

“बस इथे. हे सगळं उसव. वरून खाली, एकेक.”

लेक म्हणाली की भोकं पडतील. पडू देत, आई म्हणाली.

पहिलं ठिगळ निघालं. ते नऊ वर्षांपूर्वीचं. लेकीला त्या देशाचं नाव बातम्यांतून अंधुक आठवत होतं. आता त्याच देशाची माणसं शहरात पूल बांधत होती. त्या वर्षी तुझ्या बाबांनी घराचं गळकं छप्पर दुरुस्त केलं नाही, टेलरबाई म्हणाल्या, कारण घरच राहणार नव्हतं. चार पावसाळे बादल्या लावून काढले. दुसरं ठिगळ निघालं, ते लेकीच्या जन्माआधीचं. त्या वर्षी चर्चमधल्या तीन लग्नांच्या तारखा मोडल्या, त्यातली एक जोडी पुढे जमलीच नाही. तिसऱ्या नावाचा देश तर आता नकाशावरच नव्हता. लेकीनं ते नाव दोनदा वाचलं.

चौथ्याचे टाके वेडेवाकडे होते, शिकाऊ हाताचे. टेलरबाईंनी ते ठिगळ स्वतः उचललं आणि अंगठ्यानं सरळ केलं.

“हे माझं पहिलं. नवी नवरी होते. शिक्षिकेच्या ट्रेनिंगला माझं नाव लागलं होतं. भाऊजी म्हणाले, वर्षभरात सगळं संपेल, वहिनी, कशाला जाता. मी ऐकलं. कुणी जबरदस्ती केली नाही, माझं मलाच पटलं होतं, तुझ्यासारखं.” त्या थांबल्या. “मशीन मला आवडतं, खोटं नाही बोलत. पण आजही शाळेची घंटा ऐकली की माझा पाय मशीनवर थांबतो.”

लेकीनं आईकडे पाहिलं. ही गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती. तरी तिनं बारीक आवाजात म्हणून पाहिलं, की काका म्हणतात या वेळची लक्षणं वेगळी आहेत. आई म्हणाली, दर वेळी वेगळीच असतात, बाळा. खालचं काढ.

सासूबाईंचं, पलीकडच्या देशाच्या नावाचं ठिगळ मात्र सुटेना. दुहेरी दोरा, टाक्याला लागून टाका, कुणी कधी उघडू नये अशा बेतानं शिवलेलं. अर्धा तास दोघी त्याच्याशी झगडल्या. ते निघालं तेव्हा खाली कापडावरच रंगानं लिहिलेलं मूळचं नाव दिसलं. रंग फिका पडला होता, पण अक्षरं ठसठशीत होती. लेकीनं वाचलं, मग टेलरबाईंनी चष्मा पुसून वाचलं.

श्वापदाच्या पोटावर त्यांच्या स्वतःच्या देशाचं नाव होतं.

एवढ्यात नकाशेकाका तक्ता न्यायला आले. टेबलावर पाच ठिगळं ओळीनं मांडलेली पाहून ते दारातच थबकले. मग पुढे येऊन त्यांनी एकेक नाव वाचलं. त्यातली चार त्यांनीच आपल्या वळणदार अक्षरात कागदावर लिहून दिली होती. शेवटी त्यांची नजर चौकोनावर गेली आणि ते स्टुलावर बसले. त्यांचं तोंड इतकं उतरलं की टेलरबाईंना त्यांची दया आली.

“पलीकडच्या चर्चमध्ये हे लावलेलं असायचं,” ते अखेरीस म्हणाले. “म्हणजे तिथल्या बायका, पोरं… आपल्याला हे श्वापद समजत होती.”

“आणि आपण त्यांना,” टेलरबाई म्हणाल्या. “दोन्हीकडे एकाच प्रभूचं नाव घेऊन. सासूबाईंना हे दिसलं होतं, भाऊजी. त्यांनी झाकून टाकलं. मी नाही झाकणार.”

काकांनी क्षीण प्रतिकार करून पाहिला. भाकीत खोटं असू शकत नाही, प्रभू येणार हे तर खरं ना? टेलरबाईंनी मान डोलावली. त्यांचा आवाज अजिबात चढला नाही.

“येणार. त्यात मला तिळभर शंका नाही. पण कधी, ते कुणाला कळणार नाही हे त्यानंच सांगून ठेवलंय, आणि आपण पाच वेळा त्याच्यापेक्षा शहाणे झालो. तो आजही येऊ दे. आला तर माझी लेक कुणाच्या तरी जखमेवर पट्टी बांधताना त्याला सापडू दे. तक्त्यापुढे वाट बघत बसलेली नको.”

काका काठी टेकत उठले. या चौकोनात मग काय घालायचं, असं त्यांनी विचारलं, आणि विचारताना ते प्रथमच सत्तरीचे दिसले. टेलरबाईंनी सांगितलं की काही घालू नका, आहे तसाच लावा, आणि उद्या वर्गात या पाचही नावांच्या लोकांसाठी प्रार्थना करा. काकांनी पाच ठिगळं गोळा केली, नीट घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली आणि तक्ता खांद्यावर टाकला. दारातून मात्र म्हणालेच, की ड्रोनचं तेवढं मला अजून पटतंय, वहिनी. टेलरबाईंना हसू आवरलं नाही.

ते गेल्यावर त्यांनी मशीनला नवी सुई घातली. लेक खिडकीशी उभी होती. तिनं डोळे पुसले, खुंटीवरची मापाची टेप काढली आणि आईसमोर येऊन हात पसरून ताठ उभी राहिली.

“युनिफॉर्मचं माप घे,” ती म्हणाली. “आणि शिवणीत दोन बोटं कापड जास्त सोड. तीन वर्षं घालायचाय.”