दातांवरचं कवच
नवरा, देवजी, गेल्यापासून वत्सलाचा जबडा घास चावताना कटकट वाजायचा आणि कानापुढे ठणकायचा. तिने सगळा राग पुढे आलेल्या दातावर काढला. आटगावहून शहापूरला जाऊन डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "हा दात आत ढकला. पन्नाशी झाली म्हणून तुमी हसू नका."

"दात या वयातही सरळ होतो, तारेनं नाहीतर पारदर्शक साच्यानं. पण हे दुखणं जबड्याच्या सांध्याचं आहे. आधी तो शांत होऊ दे. दाढा झिजल्यात, झोपेत दात खाता का? घरचे काय म्हणतात?"

"खाते म्हणतात," वत्सलाने ठोकून दिलं.

पुढच्या खेपेला बाईंनी रात्री दातांवर बसवायचं प्लास्टिकचं कवच दिलं. "हे घातल्यावर नीट बोलता येणार नाही. घरच्यांना सांगून ठेवा."

जेवण उरकल्यावर वत्सलाने रोजच्यासारखी देवजीची पथारी झटकून आपल्या शेजारी अंथरली.

"अहो, आजपासून रात्रीच्या गप्पा बंद," ती रिकाम्या पथारीला म्हणाली. "डॉक्टरनी सांगितलंय. काय बोलायचं ते आत्ताच बोला."

ती थोडा वेळ थांबली. मग तिने कवच दातांवर चढवलं.