युलालियाच्या स्वयंपाकघरातला रेडिओ

मित्रांनो, मी एक जुना लाकडी रेडिओ आहे. टेक्सासच्या दक्षिण टोकाला, नदीपलीकडे मेक्सिको दिसतो अशा कापसाच्या गावात माझा जन्म सरला. मला कोणी जोडलं ते आठवत नाही. पण वेचणीचा हंगाम संपल्यावर इलारियोने मला पोत्यात गुंडाळून घरी आणलं, ते लख्ख आठवतं. त्याची बायको युलालिया मक्याचं पीठ मळत होती.

"अरे देवा, छप्पर गळतंय आणि तू हे खोकं उचलून आणलंस?"

संध्याकाळपर्यंत ती माझ्याबरोबर गात होती. नदीपलीकडचं केंद्र मला स्वच्छ लागे. गाणी, पावसाचे अंदाज, कोण वारलं, सगळं स्पॅनिशमध्ये. त्या घराला दुसरी भाषाच नव्हती. शेजारची चोना रोज ऐकायला यायची आणि निवेदकाच्या नकला करून युलालियाला हसवायची.

मग त्यांची लेक ओफेलिया शाळेत जाऊ लागली. शाळेत इंग्रजीच बोलायचं असा दंडक होता. एक दिवस मैदानात तिची मैत्रीण पडली. "लागलं का गं?" एवढंच ओफेलियाने विचारलं, पण स्पॅनिशमध्ये. बाईंनी तिला फळीने मारलं. घरी आली तेव्हा तिला बसवत नव्हतं.

इलारियो त्या रात्री जेवला नाही. सकाळी त्याने माझा काटा इंग्रजी केंद्रावर नेला.

"आजपासून या घरात इंग्रजीच."

"आणि मी काय करू? भिंतीशी बोलू?" युलालियाने विचारलं.

"शिक. माझी पोर पुन्हा मार खाणार नाही."

त्याचं तरी काय चुकलं, हे मला आजही सांगता येत नाही. तो अडखळत बोलायचा, लेक त्याला सुधारायची, आणि तो मान खाली घालून पुढचा घास घ्यायचा. युलालिया बोलेनाशी झाली. दुपारी एकटी असली की मला नदीपलीकडे वळवायची आणि आवाज अगदी बारीक करून कान माझ्या पडद्याला लावायची. एकदा ओफेलिया अचानक आली. लेकीने झटकन माझं बटण फिरवलं.

"आई, लोक ऐकतील ना!" हेही ती इंग्रजीतच म्हणाली.

ओफेलिया मोठी झाली, दूर ओहायोत लग्न करून गेली. इलारियो वारला. माझ्या पोटातली काचेची नळी, म्हणजे व्हॉल्व्ह, जळाली आणि मी मुका झालो; ती बदलायला कोणी नव्हतं. युलालियाच्या उशाशी मी औषधांच्या बाटल्या सांभाळत उभा राहिलो.

तिला पक्षाघाताचा झटका आला आणि लेकीशी बोलता यावं म्हणून पुढे महत्प्रयासाने शिकलेलं इंग्रजी पुसून गेलं. ओफेलिया धावत आली. तिच्याजवळ स्पॅनिशचे चार शब्द उरले होते. भाकरी, पाणी, असले. चोना त्या दिवशी परगावी होती. युलालिया दुपारभर एकच वाक्य म्हणत होती. ओफेलियाने पाणी दिलं, उशी बदलली, शेवटी हात धरून नुसतं "हो आई, हो" म्हणत राहिली. दिवस मावळायच्या आत युलालिया गेली.

चोना आल्यावर ओफेलियाने ते वाक्य जमेल तसं म्हणून दाखवलं. "आई मला काय सांगत होती, मावशी? आशीर्वाद देत होती का?"

चोनाने शालीच्या टोकाने डोळे पुसले आणि मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "पाय गार पडलेत, पांघरूण घाल, म्हणत होती गं."

ओफेलिया उठली. कपाटातून लोकरीचे मोजे काढून आईच्या पायांत चढवू लागली.

"आता कशाला, पोरी?" चोना म्हणाली. तिने ऐकलं नाही.

मित्रांनो, मला नळी मिळाली तर मी पुन्हा बोलेन, न मिळाली तरी चालेल. तुम्ही मात्र आईशी तिच्या भाषेत बोलत राहा. कोणी हसलं तरी, कोणी मारलं तरी.