दोरी बांधलेला गोटा

माझी बायको तोमिए गेली आणि बागेत तिच्या गुडघ्यांचे दोन खळगे राहिले. कोपऱ्यातल्या दगडी कुंडीपाशी गुडघे टेकून ती शेवाळातलं तण उपटायची, तिथले. रोज सकाळी मी तिथं जाऊन उभा राहायचो.

एके सकाळी वाटेवर गोटा दिसला. मुठीएवढा, काळ्या दोरीनं चौफेर बांधलेला. असा गोटा म्हणजे वाट बंद. लहानपणापासूनची सवय, पाय आपोआप थांबले. पण माझ्याच बागेत, मला न विचारता? आमच्या माळ्याचं, कुसुनोसेचंच हे काम.

पलीकडच्या शिमोदेवहिनी कुंपणावरून म्हणाल्या, "हल्ली माळी बरा सारखा येतो हो तुमच्याकडं! ताई होत्या तेव्हा वर्षातून दोनदा उगवायचा."

"कामं असतील."

"असतील की. देवळामागचा दगडी दिवाही असाच कामं चालू असताना नाहीसा झाला."

मला चैन पडेना. कुंडी जुनी, तोमिएच्या आजोळची. ती चोरून न्यायची तर खळग्यांवरूनच ओढत न्यावी लागणार. ओसरीवरून मेपलच्या फांदीआड काही दिसत नव्हतं. कुसुनोसे झाकलेली टोपली घेऊन आत जायचा, झाकलेलीच बाहेर आणायचा. चहा विचारला तर म्हणाला, "नको मालक, हात घाण आहेत." मग तर माझी खात्रीच पटली.

शेवटी मी गोटा ओलांडला. आयुष्यात पहिल्यांदा.

"काय चोरतोयस रे?"

तो उकिडवा बसला होता. कुंडी जागेवर होती, खळगेही. त्यांच्या भोवतीनं हिरव्या शेवाळाची ठिगळं लावलेली. टोपलीत मेलेलं, तपकिरी शेवाळ.

"चोर तुम्ही," तो म्हणाला. "रोज येऊन तुडवता. भोवतालचं सगळं मेलं. असेच येत राहिला असता तर खळगे कुठं होते तेही कळलं नसतं."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं की. गोटा ठेवला. आणखी काय, ढोल वाजवू?"

मी खाली बघत म्हणालो, "ओसरीवरून दिसत नाहीत ते."

त्यानं मेपलकडं पाहिलं, कात्री काढली. "ही फांदी मालकीणबाईंनी मला कधी छाटू दिली नाही."

मी फांदीकडं पाहिलं.

"राहू दे," म्हणालो.

त्यानं कात्री खिशात घातली. माझ्याकडं एकदा नीट निरखून पाहिलं, मग मी ओलांडून आलेल्या गोट्याकडं.

दुसऱ्या सकाळी उठून बघतो तर वाटेवर दोन गोटे.