स्पर्शबाबा आणि तुटलेली तार

धावपट्टीच्या कुंपणाशी आज पुन्हा गर्दी लोटली होती. लहान विमानांच्या त्या उड्डाण-शाळेत दोन महिने स्पर्शबाबांचाच बोलबाला होता. गार, दमट सकाळी एखादं इंजिन धापा टाकू लागलं की ते बंद करायचं आणि बाबांना बोलवायचं. बाबा झाकणावर तळहात ठेवून दहा मिनिटं पुटपुटत. मग इंजिन सुरू केलं की ते शहाण्या बाळासारखं चाले. यंत्रालाही प्राण असतो आणि प्राणाला स्पर्श कळतो, असं बाबा सांगत. त्यांच्या स्वतःच्या मोटारीला मात्र दर आठवड्याला धक्का मारावा लागे.

मेकॅनिक ताईला आज हसू येत नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी तिचा धाकटा भाऊ इथूनच उडाला आणि हवेत इंजिन बंद पडून गेला. बाबांनी हात ठेवलेलं विमान पडलंच कसं, असं लोक विचारू लागले, तेव्हा बाबा म्हणाले, "पोराची श्रद्धा उणी पडली." आईनं ते खरं मानलं. पोटच्या पोरासाठी रडायचं सोडून ती त्यालाच बोल लावत बसली. ताईला ते बघवेना, म्हणून आज तिनं आईला हाताला धरून आणलं होतं.

तिनं दुसरं एक विमान सुरू केलं. थोड्याच वेळात इंजिन खोकू लागलं. तिनं ते बंद केलं आणि बाबांना लांबच बसायला सांगितलं. दहा मिनिटं कुणीही हात लावला नाही. मग तिनं पुन्हा सुरू केलं, तर इंजिन विनातक्रार चाललं. बाबा घाईघाईनं म्हणाले की आपली कृपा लांबूनही पोचते. मग इतके दिवस हात कशाला काळे केलेत, असं एका म्हाताऱ्या वैमानिकानं विचारलं.

"पेट्रोल हवेत मिसळतं तिथं गारठा होतो," ताई म्हणाली. "दमट हवेतलं पाणी तिथं गोठतं आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. इंजिन बंद केलं की त्याच्याच उष्णतेनं तो बर्फ वितळतो. उडताना थांबता येत नाही, म्हणून गरम हवा आत सोडायला एक दांडा असतो."

तिनं खिशातून तुटकी तार काढली. उड्डाणाआधी तो दांडा ओढून बघतात. इंजिनाचे फेरे जरा कमी झाले, तर तो चालतो. भावाच्या विमानात ते कमी झाले नाहीत, कारण दांड्याची ही तारच तुटली होती. अपघाताच्या चौकशीत ती सापडली.

"त्याला कळलं नाही का गं?" आईनं विचारलं.

"कळलं होतं, आई."

शाळेचा नियम साधा होता. दोष वहीत लिहिला की दुरुस्ती होईपर्यंत विमान जागचं हलत नसे. बाबा आल्यापासून वहीत कुणी काही लिहिलंच नव्हतं.

"त्यानं मला सांगितलं, दांडा ओढून काही होत नाही. मीच म्हटलं, बाबांनी हात ठेवलाय, इंजिन छान चाललंय, लिहून कशाला दिवस बुडवतोस? त्याची श्रद्धा उणी नव्हती, आई. माझ्या शब्दावर तो गेला."

आईनं तिचा हात सोडला. मग तिथंच खाली बसून तिनं लेकासाठी हंबरडा फोडला. बाबा केव्हा निघून गेले, कुणी पाहिलं नाही.

ताई गर्दीकडे वळली.

"बिघाड आपोआप बरा झाला, तर हात जोडू नका. का बरा झाला, ते विचारा. कळेपर्यंत विमान उभं ठेवा."