ॲम्प्लिफायरमधले काका

त्या दुपारी काकूच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सोफ्यावर शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका, दारात कोपऱ्यावरचा शिंपी गळ्यातल्या टेपसकट, आणि ज्यांना आत शिरता आलं नाही त्यांची नुसती डोकी खिडकीत. सगळे बघत होते एका खोक्याकडे. खोकं म्हणजे माझ्या काकांचा जुना ॲम्प्लिफायर. अक्रोडाच्या लाकडाचं कवच, समोर चकचकीत पट्टी, तिच्यावर बटणांची रांग. त्याच्या शेजारी खुर्चीवर नादबाबा बसले होते.

"विचारा ताई," बाबा म्हणाले. "ते ऐकतायत."

काकूने घसा साफ केला. "अहो, बरे आहात ना?"

बाबांनी डोळे मिटले आणि उजवा हात खोक्याच्या मागे नेला. दोन्ही स्पीकरांतून जड, घुमणारा आवाज आला. हम्ममम.

खिडकीतलं एक डोकं खाली गेलं. शिंप्याने हात जोडले.

"हेच," काकू म्हणाली. "लग्न झाल्यापासून मी काहीही विचारलं की पेपरामागून हेच उत्तर."

पंचाईत झाली ती इथेच. दुसऱ्या कुणाचा आत्मा असता तर लोकांनी चार वाक्यं बोलून दाखव म्हटलं असतं. काकांच्या बाबतीत 'हम्म' हीच संपूर्ण ओळख होती.

काका गेल्यानंतरच्या आठवड्यात काकूने ॲम्प्लिफायर लावला होता. दिवा लागला, पण आवाज नाही. रेडिओ नाही, तबकडी नाही, टेप नाही. तिला एक विशिष्ट टेप ऐकायची होती. काका घोरतात हे ते कधीच कबूल करायचे नाहीत, 'तो पंखा आहे' म्हणायचे. म्हणून एकदा तिने त्यांचं घोरणंच पुरावा म्हणून टेप केलं होतं. त्यांच्या आवाजाची एवढी एकच खूण घरात उरली होती, आणि नेमकं तेव्हाच यंत्र मुकं झालं. "रुसलेत माझ्यावर," असं ती सगळ्यांना सांगत सुटली. ते शिंप्याच्या कानावर गेलं, आणि शिंपी नादबाबांना घेऊन आला.

मी पदार्थविज्ञानाची परीक्षा संपवून त्याच दिवशी तिच्याकडे आले होते. दारात पाऊल टाकलं आणि काकूने मला दटावलं, "तू मध्ये बोलायचं नाही. हे आत अडकलेत."

"कशात?"

"कंपनकोशात," बाबा म्हणाले. "पुंजलहरींच्या सातव्या थरात. मी यंत्र माझ्या मठात नेतो, त्यांना मोकळं करतो. स्पीकर पण लागतील. तबकड्या पण."

"आणि ही लाकडी पेटी?" मी विचारलं.

"पेटी हवीच. आत्म्याला अक्रोडाची सवय झालीय. उघडा नेला तर गारठेल."

बाहेर हातगाडी आधीच येऊन थांबली होती. काकूचे डोळे भरलेले. ती टेप ऐकायची तिला केवढी ओढ, पण त्यांना अडकवून ठेवायचं पाप नको म्हणून ती खोकं द्यायला निघाली होती.

मी बघत राहिले. काका प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होते. फक्त बाबांनी उजव्या हातात चहाचा कप घेतला की काकांची बोलती बंद.

"मी जरा प्लग बघते," म्हणत मी खोक्यामागे गेले. तिथे एक काळी वायर लोंबकळत होती. एक टोक यंत्राच्या खाचेत, दुसरं मोकळं. आताचा टेपरेकॉर्डर दुसऱ्या खाचेला जोडलेला होता; ही वायर काकांच्या त्याआधीच्या जुन्या टेपरेकॉर्डरची. तो भंगारात गेला, वायर मागे राहिली. बाबा कप ओठांना लावत होते. मी वायरीच्या टोकाला बोट लावलं.

हम्ममम.

चहा बाबांच्या दाढीत गेला. तरी माणूस तयारीचा. दाढी पुसत म्हणाले, "बघा, पुतणीवर किती माया."

"शिंपीदादा, या इकडे," मी म्हटलं.

शिंप्याने भीत भीत बोट लावलं. हम्ममम.

"शिंप्यावर माया?" काकूच्या कपाळावर आठी पडली. "यांची पँट आखूड शिवली तेव्हापासून हे त्याचं नावही घेत नव्हते."

"आत्मा क्षमाशील असतो," बाबा म्हणाले.

तेवढ्यात काकूची मांजर काय चाललंय ते बघायला आली आणि वायर हुंगू लागली. तिचं ओलं नाक टोकाला टेकलं आणि स्पीकर पुन्हा घुमले. मुख्याध्यापिका हसू दाबत म्हणाल्या, "मांजरीलाही होकारच आला की."

मग मी सांगितलं. आपल्या घराच्या भिंतीभिंतींतून विजेच्या तारा गेलेल्या असतात. त्या विजेची अगदी क्षीण थरथर आपलं शरीर सतत पकडत असतं. शिंप्याचं, मांजरीचं, बाबांचं, सगळ्यांचंच. ती आपल्याला जाणवत नाही. पण ॲम्प्लिफायरचं कामच मुळी क्षीण थरथर मोठी करायचं. या वायरीला बोट लावलं की ती थरथर आत जाते आणि 'हम्म' होऊन बाहेर येते. दुरुस्तीवाले यंत्र तपासताना हेच करतात.

"म्हणजे बाबांनी फुकटात तपासणी करून दिली," मी म्हटलं. "वायरीपासून स्पीकरपर्यंत सगळं ठणठणीत आहे."

"मग टेप का वाजत नाही?" काकूने विचारलं. प्रश्न एकदम मुद्द्याचा होता.

मी पुढे येऊन बटणांची रांग बघितली. सगळी बाहेर, एकच आत गेलेलं. त्यावर लिहिलं होतं 'टेप मॉनिटर'. हे बटण आत गेलं की यंत्र बाकी सगळ्यांकडे पाठ फिरवतं आणि फक्त त्या एका खाचेचं ऐकतं. त्या खाचेत होती ही वायर, आणि वायरीला पुढे काहीच नाही.

"काकू, या बटणापाशी काही होतं?"

"खोडरबराचा तुकडा होता, फटीत खुपसलेला. हे मला कधी फडकं लावू द्यायचे नाहीत. गेल्यावर पहिल्यांदाच नीट पुसलं सगळं. कचरा म्हणून टाकून दिला." तिने त्या फटीवर बोट फिरवलं. बटणाची स्प्रिंग सैल झाली होती, ते चुकून आत जाऊ नये म्हणून काकांनी लावलेली ती पाचर होती, हे तिलाही माझ्याबरोबरच कळलं. "म्हणजे मीच बंद पाडला."

"बंद नाही पाडलास गं. भलतीकडे कान लावून बसवलास. आणि रुसलं कुणीच नव्हतं."

मी तिचं बोट धरून बटणावर टेकवलं. तिने दाबलं. बटण बाहेर आलं. मी टेप सुरू केली.

आधी खरखर. मग खोली हादरवणारं घोरणं, वर चढत जाऊन शेवटी शिट्टी वाजवणारं. दारातल्यांना आधी भीती वाटली, मग हसू आवरेना.

"हा पंखा नाही," शिंपी गंभीरपणे म्हणाला.

"लिहून द्या," काकू म्हणाली. ती हसत होती आणि चष्म्याखालून डोळे पुसत होती.

टेपवर तिचाच तरुण आवाज आला, "अहो, घोरताय." घोरणं थांबलं. मग झोपेतलं, नाकातलं, बारीकसं उत्तर आलं. "हम्."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. स्पीकरमधल्या त्या जाड गुंजनाशी याचं दूरचंही नातं नव्हतं.

"हे त्यांचं," काकू हळूच म्हणाली. "आणि मी मघापासून त्या विजेला 'अहो' म्हणत होते. मला कसं ओळखू आलं नाही?"

"तुला ऐकायचं होतं ना."

तोवर नादबाबा दारापर्यंत पोचले होते. बाहेरून गाडीवाल्याने विचारलं, "बाबा, काय न्यायचं?"

"यांनाच न्या," काकू म्हणाली. "उघडे नेऊ नका, गारठतील."

मग तिने माझ्याकडून नवीन खोडरबराचा तुकडा घेतला, फटीत घट्ट बसवला आणि उरलेल्या गर्दीकडे वळली. "आता घरी जा सगळे. माणसाची आठवण येते तेव्हा कुणी काहीही ऐकवलं तरी खरं वाटतं, मलाही वाटलं. म्हणून तेव्हाच उठायचं आणि खोक्याच्या मागे जाऊन बघायचं, हात कुठे आहे ते."